खोटी खूण

फोन आला तेव्हा मिस्त्रीण नवऱ्याच्या उजव्या पायाला तेल चोळत होती. तेलकट हातानंच तिनं तो कानाला लावला.

"आई, काका निघाले का गं?" मुलीचा आवाज वाऱ्यात फाटत होता. "दोन वाजून गेले. पाणी चढायला लागलंय."

"निघाले असतील. होडी दिसत नाही का?"

"काहीच दिसत नाही. काकू पण केव्हाची फोन लावतेय, ते उचलत नाहीत."

खाडी जिथे समुद्राला मिळते तिथे वाळूचा एक लांब पट्टा होता. ओहोटीला तो वर येई, भरतीला पुन्हा बुडे. त्यावर शिंपल्या चांगल्या मिळत. धाकटा दीर सकाळी आपल्या बायकोला आणि पुतणीला होडीतून तिथे सोडायचा, आणि पाणी फिरलं की आणायला जायचा. वर्षभर हेच चाललं होतं, कधी दहा मिनिटांचाही उशीर झाला नव्हता. आज तर उधाणाची भरती होती.

मिस्त्रीण दारात आली. घर धक्क्याच्या अगदी डोक्यावर होतं. खाली पत्र्याचं वर्कशॉप, आणि त्याच्यापुढे पाण्यात उतरणारा दगडी उतार. उताराच्या टोकाशी होडी सकाळी होती तशीच बांधलेली. आणि तिच्याशेजारी दीर ओल्या दगडावर बसून, उजवा हात पोटाशी धरून पुढेमागे झुलत होता.

ती अनवाणीच धावली.

"भावजी! अहो, इथे काय बसलात?"

त्यानं वर बघितलं. तोंड चुन्यासारखं पांढरं पडलं होतं. "इंजिननं झटका दिला, वहिनी. दोरी मनगटाला गुंडाळली होती." मनगट वाकडं होऊन टम्म फुगलं होतं. "वीसदा ओढलं. उलटं फिरतं आणि हात खेचतं."

"मग फोन का उचलत नाही?"

"उचलून काय सांगू?"

मिस्त्रिणीनं आजूबाजूला पाहिलं. धक्का मोकळा होता. चालत्या होड्या सगळ्या पहाटेच बाहेर गेलेल्या, त्या संध्याकाळशिवाय येणार नव्हत्या. तिनं बंदराच्या कचेरीत फोन लावला. तिकडच्या माणसानं नीट ऐकून घेतलं, दोनदा विचारून जागा लिहून घेतली आणि म्हणाला, "बाई, आमची बोट आत्ता निघाली तरी दोन तास लागतील." जाळी विणत बसलेले दोघे म्हातारे हे ऐकून उठले आणि कुणाला न विचारता वल्ही घेऊन एका जुन्या डोंगीत बसले. शंभर हात गेले असतील नसतील, भरतीच्या लोंढ्यानं त्यांना फिरवलं आणि परत धक्क्यावर आणून आपटलं. त्यातला एक दगडावर बसून धापा टाकत रडायला लागला.

दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. पट्टा साडेतीनपर्यंत कमरेइतक्या पाण्याखाली जाणार, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तिथे पोचायला वीस मिनिटं लागत. मिस्त्रिणीनं मनात वजाबाकी केली. हातात पन्नास मिनिटं होती.

"इंजिन सोडवा," ती म्हणाली.

"कोण दुरुस्त करणार?"

"सोडवा म्हणते ना!"

आता मिस्त्रीबद्दल सांगायला हवं. होडीच्या इंजिनात त्याचा हात धरणारा त्या किनाऱ्यावर कुणी नव्हता. आणि बोलका इतका, की इंजिन सुरू झालं तरी गिऱ्हाईक सुटायचं नाही. लोक थट्टेनं म्हणत, मिस्त्रीकडे दुरुस्ती लवकर होते, निरोप घ्यायला वेळ लागतो. अकरा महिन्यांपूर्वी एका सकाळी तो कामाच्या टेबलावर कलंडला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. डोकं शाबूत होतं. सगळं समजायचं, पण तोंडातून एकच शब्द निघायचा, "बरं." भूक लागली तरी बरं, राग आला तरी बरं. सुरावरून घरच्यांनी ओळखायचं.

गिऱ्हाइकं आपापली इंजिनं उचलून घेऊन गेली. मिस्त्रिणीनं बावीस वर्षं नवऱ्याला टॉर्च धरून दिला होता, हवा तो पाना मागण्याआधी हातात ठेवला होता. ती एकदा म्हणाली, "मी बघते ना लहानसहान कामं." त्यावर जाऊ चारचौघींत हसली होती, "नवरा बसला म्हणून काय बायकोनं मिस्त्री व्हायचं?" दीरही म्हणाला, "वहिनी, हे बाईमाणसाचं काम नाही. माझ्या होडीचं मी बघून घेईन." त्या दिवसापासून दोघी जावांचं बोलणं बंद होतं. मुलगी मात्र काकूकडे जातच राहिली. तिला सगळे भिंगरी म्हणत, कारण लहानपणापासून ती एका जागी ठरत नसे. दोन घरांमधली भिंत तिला दिसतच नव्हती.

तिघांनी मिळून, म्हणजे मिस्त्रिणीनं, एका हातानं दिरानं आणि दुसऱ्या म्हाताऱ्यानं, इंजिन ढकलगाडीवर घातलं आणि वर्कशॉपमध्ये आणून पाण्याच्या पिंपावर चढवलं. अकरा महिन्यांनी दार उघडलं होतं. आत गंजाचा आणि जुन्या तेलाचा वास कोंडला होता. मिस्त्री घरातून एकटाच निघाला होता. काठी टेकत, पाय फरफटत तो दारापर्यंत आला आणि चौकटीला धरून उभा राहिला. म्हाताऱ्यानं त्याला स्टूल दिलं.

इंजिन उलटा झटका देतं म्हणजे ठिणगी वेळेआधी पडते. पिस्टन वर येतो आहे, अजून पुरता आलेला नाही, आणि मध्येच भडका उडतो. मग तो पिस्टनला आल्या वाटेनं परत ढकलतो. ठिणगी कधी पडायची ते वरचं जड चाक आणि त्याखालचे दोन इवलेसे पॉइंट ठरवतात. पॉइंट उघडले की ठिणगी. हे मिस्त्रिणीनं इतक्या वेळा ऐकलं होतं की भाजी चिरताना तिला ते पाठ म्हणता आलं असतं.

तिनं वरचं झाकण काढलं, मधला नट सैल केला आणि चाक उपसून काढणारा पुलर लावला. चाक सुटून हातात आलं. आतला दांडा आणि चाक यांना एकमेकांशी जखडून ठेवणारी चावी असते, नखाएवढा लोखंडी तुकडा. त्याच्या खाचेतून तिनं जे उचकटून काढलं ते खिळ्याचं डोकं होतं. अर्धं चिरडलेलं.

"हे काय आहे?"

दीर पिंपाच्या पलीकडे सरकला.

"भावजी, हा खिळा कुणी घातला?"

"गेल्या आठवड्यात वाळूला पंखा लागला तेव्हा चावी तुटली. मला वाटलं तात्पुरतं चालेल." तो थांबला. "आणि खालची पाटीही जरा फिरवून बघितली. पळत नव्हतं म्हणून."

"आणि वर हे बसलेत! इथे, दहा पावलांवर! विचारलं असतंत तर जीभ झडली असती का?"

"कुणाला विचारू? ते बरं म्हणाले असते."

दारातून मिस्त्री म्हणाला, "बरं." ते एखाद्या शिवीसारखं आलं. दिरानं मान खाली घातली.

चावी हवी होती. कोपऱ्यात एक मेलेलं इंजिन पडलं होतं, बेवारस. त्याचं चाक निघायला तयार नव्हतं. मिस्त्रिणीनं पुलर आवळला, वरून हातोडा हाणला, पुन्हा आवळला. बोटाचं सालपट निघालं ते तिला नंतर कळलं. चाक निघालं आणि चावी मिळाली, पण ती केसभर जाड होती. ती वाइसच्या जबड्यात धरून तिनं कानस चालवायला घेतली.

तेवढ्यात फोन वाजला. म्हाताऱ्यानं तो तिच्या कानाशी धरला.

"आई, गुडघ्याला आलंय." भिंगरी आता हळू बोलत होती, आणि तेच वाईट होतं. "आम्ही दोन्ही टब उलटे करून त्यावर उभ्या आहोत. खालची वाळू निसटतेय."

"येतोय आम्ही. इंजिन बिघडलंय, मी करतेय. तुम्ही हात सोडू नका."

"काकू बोलते म्हणते."

मग जावेचा आवाज आला. चार महिन्यांनी. "ताई?"

"बोल गं."

"तुम्हीच करताय ना? ह्यांना हात लावू देऊ नका." ती हसल्यासारखं करत होती, दात वाजत होते. "तुम्हाला जमतं ते. मला ठाऊक होतं हो. मी आपली उगीच बोलले त्या दिवशी."

"ते आता काढू नकोस. पोरीला धर."

"धरलीय."

दिरानं डावा हात पुढे केला. त्याला बोलायचं होतं, पण फोन बंद झाला होता. पुन्हा लावला तर लागेना. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

दोन पन्नासला चावी खाचेत चपखल बसली. आता फक्त पाटी जागेवर आणायची होती. दिरानं फिरवलेली ती पाटी म्हणजे पॉइंट ज्यावर बसवलेले असतात ती गोल चकती. तिच्या कडेवर एक बारीक रेघ होती आणि चाकावर तशीच दुसरी. दोन्ही रेघा समोरासमोर आल्या की पॉइंट उघडायला हवेत, झालं टायमिंग. मिस्त्रिणीनं पॉइंट घासून लखलखीत केले, त्यांच्यामधली फट गेजच्या पातळ पत्तीनं मापली, चाक वर ठेवलं आणि त्याला असलेल्या खिडकीसारख्या भोकातून रेघेला रेघ जुळवू लागली.

"बरं," मिस्त्री म्हणाला.

"हो, झालंच."

"बरं! बरं!" त्यानं काठी जमिनीवर आपटली.

"अहो, कळतंय मला, घाईच करतेय!"

त्यानं डावा हात नाचवला, वर भिंतीकडे केला, पुन्हा इंजिनाकडे केला. तिनं भिंतीकडे पाहिलं. तिथे पाने होते, जुन्या दोऱ्या, तारा, हातोडे. "कोणता पाना? हा? हा का?" तो जिवाच्या आकांतानं मान हलवत होता. तिनं दोन पाने काढून दाखवले. दोन्ही वेळा "बरं", आणि दोन्ही वेळा ते नाही असं होतं. घड्याळात तीन वाजून गेले होते.

"आता पुरे," ती म्हणाली आणि स्क्रू आवळून टाकले.

नट घट्ट केला. दोरी चाकाला गुंडाळली. मूठ हातात धरली, मनगटाला लावली नाही. नवऱ्यानं तिला पहिल्या दिवशी शिकवलेली गोष्ट तीच होती. ओढली. इंजिन एकदा खोकलं आणि दोरी तिच्या हातातून साप निसटावा तशी निसटून पिंपावर आपटली. पुन्हा ओढली, पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी मुठीचा फटका तिच्या हनुवटीवर बसला आणि तोंडात रक्ताची चव आली.

सगळं बरोबर केलं होतं. चावी बरोबर, फट बरोबर, रेघेला रेघ. ती पिंपाला धरून खाली बसली.

"बरं," मिस्त्री म्हणाला. आता त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं.

आणि तेव्हा ती नवऱ्यावर ओरडली. बावीस वर्षांत कधी ओरडली नव्हती तशी. "बोला ना! तुमची पोर बुडतेय तिथे! आयुष्यभर जगाला बोलून बेजार केलंत, आणि आज एक शब्द निघत नाही तुमच्या तोंडातून? एक शब्द!"

म्हातारा दारातून बाजूला झाला. मिस्त्री स्टुलावरून उठला. काठी टाकून दिली, पिंपाला धरलं, मग इंजिनाला धरलं आणि तिच्या शेजारी येऊन उभा राहिला. डब्यातलं ग्रीस त्यानं डाव्या अंगठ्यावर घेतलं आणि खिडकीतून अंगठा आत घालून पाटीवरची ती रेघ बुजवून टाकली. पुन्हा पुन्हा घासून पुरती बुजवली. मग तिच्याकडे पाहिलं.

"ही खूण नाही?" ती कुजबुजली.

त्यानं डोळे मिटले, उघडले.

"खोटी आहे? ही पाटी ह्या इंजिनाची नाहीच? तुम्ही दुसऱ्याची बसवलीत?"

मिस्त्रीच्या घशातून जो आवाज आला तो शब्द नव्हता. त्यानं पुन्हा हात भिंतीकडे केला. आता तिला दिसलं. पाने नव्हे, तारा. सायकलच्या चाकाच्या सात-आठ जुन्या तारा खिळ्याला टांगलेल्या होत्या. प्रत्येकीला दोऱ्याचा वेगळा रंग आणि टोकाजवळ कानशीनं पाडलेल्या दोन खाचा. बावीस वर्षं त्या तिच्या डोळ्यांसमोर होत्या. प्लगच्या भोकातून तार आत घालायची, पिस्टनला टेकवायची. पिस्टन पुरता वर आला की पहिली खाच भोकाच्या तोंडाशी. चाक मागे फिरवून दुसरी खाच तोंडाशी आली की तिथे पॉइंट उघडायला हवेत. ज्या इंजिनावरच्या खुणांवर विश्वास नाही त्यांच्यासाठी मिस्त्रीनं ह्या तारा स्वतः केल्या होत्या.

तिनं एकेक तार पुढे धरली. निळ्या दोऱ्यापाशी त्यानं डोळे मिटले.

तिनं प्लग काढला, तार आत घातली. मिस्त्रीनं डावा तळवा चाकावर ठेवला आणि कूस बदलणारं मूल थोपटावं इतक्या हळू ते फिरवायला लागला. तार बाहेर सरकली, पहिली खाच आली, थांबली. चाक मागे गेलं, तार आत सरकली, दुसरी खाच आली. आता पॉइंट नेमके ह्या क्षणी उघडतात का ते पाहायचं, आणि ते डोळ्यांना दिसत नाही. त्यांच्यात पातळ कागद धरायचा. तो सुटला की उघडले. पातळ कागद कुठून आणायचा? मिस्त्रिणीच्या कमरेला खोचलेल्या पिशवीत नवऱ्याच्या गोळ्यांचं पाकीट होतं. त्यातलं माहितीचं घडीचं चिटोरं तिनं फाडलं आणि पॉइंटमध्ये सरकवलं. कागद अडकला. पाटी केसभर फिरवली. अजून अडकलेला. अजून केसभर. मिस्त्रीच्या तळव्याखाली चाक जेमतेम थरथरल्यासारखं हललं, आणि कागद अलगद सुटून तिच्या बोटांत आला. तार दुसऱ्या खाचेवर होती.

"बरं," मिस्त्री म्हणाला. हा सूर तिनं अकरा महिन्यांत ऐकला नव्हता.

तिनं स्क्रू आवळले, प्लग लावला, दोरी गुंडाळली. पहिल्याच ओढीला इंजिन पिंपात गर्जून उठलं आणि पाणी तिच्या अंगावर उडालं. तीन वाजून पंचवीस मिनिटं.

इंजिन पुन्हा होडीवर चढवून होडी सुटेपर्यंत साडेतीन झाले. मिस्त्रीला होडीत यायचं होतं. त्यानं तिचा पदर डाव्या मुठीत धरला. तिला ती मूठ बोट बोट करून सोडवावी लागली.

दीर डाव्या हातानं इंजिनाचा दांडा धरून बसला होता, ती पुढे उभी होती. समोरून भरती येत होती. होडी प्रत्येक लाटेला उचलली जाऊन आपटत होती. इंजिन एका सुरात चाललं होतं, एकदाही अडखळलं नाही. आणि त्यानंच तिला जास्त वाईट वाटत होतं. इतकं सोपं होतं तर ते अर्ध्या तासापूर्वी का झालं नाही?

पट्ट्याच्या जागी पट्टा नव्हता. फक्त गढूळ पाणी आणि त्यावर फेसाची एक वाकडी रेघ. तिनं हाका मारल्या. दिरानं मारल्या. त्याला बायकोच्या नावाच्या पुढे काही सुचत नव्हतं, तो तेच एक नाव पुन्हा पुन्हा ओरडत होता. होडी त्यानं वाळूच्या कडेकडेनं नेली, मग लोंढ्याबरोबर आत वळवली. तेव्हा तिला निळा टब दिसला. टबावर एक हात होता.

भिंगरीला वर ओढताना तिचं वजन तिला दुप्पट वाटलं. पोरीचे ओठ काळेनिळे पडले होते. टबाची कड तिनं अशी धरली होती की बोटं सुटेनात, म्हणून टबासकट तिला आत घेतलं.

"काकू कुठे आहे?" दीर म्हणाला. "भिंगरे, काकू कुठे?"

पोरीला बोलता येईना. आईनं तिला छातीशी घेऊन पाठ चोळली, गाल चोळले.

"पाय टेकत नव्हते," शेवटी ती म्हणाली. "एक टब गेला. ह्या एकावर दोघींचं जमत नव्हतं, तो बुडत होता. मी तिचा हात धरला होता, काका. मी सोडला नाही. तिनंच सोडवून घेतला."

"केव्हा?"

"आत्ताच. तुमचं इंजिन ऐकू येत होतं."

दिरानं होडी वळवली. त्यानंतर पाऊण तास ते त्या पाण्यावर फिरत राहिले. बंदराची बोट आली, तीही फिरली. मग पोरीला हुडहुडी भरली आणि मिस्त्रिणीला म्हणावंच लागलं, "भावजी, हिला घरी न्यायला हवं." त्यानं ऐकलं आणि होडी फिरवली.

जाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली, खाडीच्या आत, बाहेर निघालेल्या होड्यांना.

नंतरच्या दिवसांत दीर जो भेटेल त्याला सांगत सुटला, "चावीच्या जागी खिळा मी घातला." लोक समजूत काढून थकले. मग काहींनी समजूत काढणं सोडलं आणि ते मान डोलवायला लागले. मिस्त्रिणीचं मात्र ज्याच्या त्याच्या तोंडी कौतुक. बाईनं मेलेलं इंजिन उठवलं, पोर परत आणली. कुणी असं म्हणालं की ती काहीतरी निमित्त काढून तिथून उठायची. तिच्या डोक्यात एकच हिशेब चालू होता. तीनला नवरा भिंतीकडे बोट दाखवत होता. सव्वातीनला तिला कळलं. पाव तास. आणि पोरीनं सांगितलं होतं, इंजिन ऐकू येत होतं.

नवव्या दिवशी ती दिराच्या घरी गेली. तो स्वयंपाकघरात उभा राहून, प्लॅस्टरमधला हात लोंबता ठेवून, डाव्या हातानं कांदा चिरायचा प्रयत्न करत होता. कांदा घरंगळत होता.

"भावजी, मला एक सांगायचंय," ती दारातूनच म्हणाली. बसली तर सांगणं व्हायचं नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं सगळं सांगितलं. खोटी खूण, नवऱ्यानं आपटलेली काठी, "आता पुरे" म्हणून आवळलेले स्क्रू. पाव तास वाया गेला तो माझा, असं तिनं सांगितलं. आणि त्यांनी दुसऱ्याची पाटी बसवली, ते कधी कुणाला बोलले नाहीत, तेही सांगितलं.

दीर ऐकत होता. सुरी त्यानं ओट्यावर ठेवली.

"हे मला कशाला सांगितलंत, वहिनी?"

"तुम्ही सगळं एकट्याच्या डोक्यावर घेऊन बसलाय म्हणून."

"एकट्याचं होतं तेव्हा शिव्या कुणाला द्यायच्या ते तरी कळत होतं." त्याचा आवाज चढला नाही. "आता काय करू? तुमच्यावर चिडू? दादावर चिडू? तो बिचारा तोंड उघडू शकत नाही."

"चिडा."

"तुम्ही जा आता."

ती गेली. परतताना तिला हलकं वाटलं नाही. मिस्त्रीला तिनं सांगितलं, की मी भावजींना सांगून आले, तुमचंही सांगितलं. त्यानं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि मग तोंड फिरवलं. त्या रात्री तो जेवला नाही.

महिना गेला. भिंगरी धक्क्यावर उतरेना. घरातल्या घरात वावरायची, एका जागी तासन् तास बसायची. दोघातिघांनी इंजिनं आणून टाकली. मिस्त्रिणीनं ती घेतली, कारण नाही म्हणायला काही कारण नव्हतं. मिस्त्री रोज स्टुलावर येऊन बसायचा. ती आता हात घालण्याआधी दर वेळी विचारायची आणि त्याचे डोळे हलेपर्यंत थांबायची.

प्लॅस्टर निघालं त्या दुपारी दीर वर्कशॉपच्या दारात आला. मनगट बारीक पडलं होतं, कातडी पांढरी. मिस्त्रिणीकडे त्यानं पाहिलं नाही. कोपऱ्यातलं एक जुनं खोकं ओढून तो भावाशेजारी बसला. दोघे भाऊ तिचं काम बघत राहिले. ऊन दारातून सरकत टेबलापर्यंत आलं.

वरून भिंगरीनं जेवायला हाक मारली. मग तिला काका दिसला. ती थांबली, आणि धक्क्याच्या दिशेनं चार पावलं खाली आली. महिन्याभरात पहिल्यांदा.

"काका, तुमचं पण वाढू?"

त्यानं मनगट चोळलं. मिस्त्रिणीनं पाना खाली ठेवला नाही, मान वर केली नाही.

"थोडंच वाढ," तो म्हणाला आणि भावाला उठवायला त्याच्या काखेत हात घातला.